पाऊण तासाचा उभा चढ: लळिंगच्या निमित्ताने खानदेशातले छोटे डोंगर चढायचे कसे

धुळ्याहून मालेगावकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर महामार्गाला खेटून लळिंग गाव लागतं आणि गावाच्या डोक्यावर किल्ला. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणारा प्रत्येकजण तो बघतो आणि बहुतेकांचं मत एकच असतं, "एवढासा तर आहे, अर्ध्या तासात जाऊन येऊ." मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, सकाळी साडेनऊला, चपला घालून आणि चौघांत मिळून एक बाटली घेऊन मंडळी निघतात. निम्म्या वाटेवर कोणाच्या तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि किल्ला न बघताच सगळे खाली येतात.

छोटा चढ फसवतो तो इथेच. सह्याद्रीतल्या मोठ्या किल्ल्यांना जाताना आधी शेतं, ओढे, जंगल असं तासभर चालणं होतं, तेवढ्यात अंग तापतं, श्वास लयीत येतो आणि मग चढ सुरू होतो. लळिंगसारख्या डोंगराला ही सोय नाही. गावातलं शेवटचं घर संपलं की थेट चढ, तो माथ्यापर्यंत. हा लेख अशाच डोंगरांसाठी आहे: उंची कमी, अंतर कमी, पण वाट उभी. उदाहरणाला लळिंग घेतलाय, कारण तो सगळ्यांना जवळ आहे. बाकी गोष्टी सोनगीर, भामेर, कन्हेरगड अशा खानदेशातल्या कुठल्याही टेकाडाला लागू पडतात.

आधी चढ कागदावर मोजा

"उभा" म्हणजे किती उभा, हे घरी बसून कळतं. मोबाइलवरच्या नकाशात पायथ्याची आणि माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची बघा, वजाबाकी करा आणि मधलं चालण्याचं अंतर काढा. शंभर मीटर पुढे जाताना तीस मीटर वर जावं लागत असेल तर तो तीस टक्के चढ, कोनात सांगायचं तर सतरा अंशांच्या आसपास. एसटी ज्या घाटरस्त्याने कुंथत चढते तो साधारण वीसास एक, म्हणजे पाच टक्के असतो. आपण त्याच्या सहापट उभं चाललोय हे एकदा डोक्यात बसलं की "एवढासा" हा शब्द आपोआप गळतो.

वेळेचा हिशेब काढायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून चालतो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. समजा वाट दीड किलोमीटरची आणि चढ दोनशे मीटरचा. चालण्याची अठरा मिनिटं, चढाची वीस, म्हणजे अडतीस मिनिटं. पण हा हिशेब सवयीच्या माणसाचा आणि थंड हवेचा आहे. नवखा असाल तर दीडपट धरा, सोबत लहान मूल असेल तर दुप्पट. लळिंगला पायात दम असलेला माणूस पाऊण तासात वर जातो आणि सावकाश जाणारा सव्वा तासात. दोघांनाही किल्ला तोच दिसतो.

दुसरा हिशेब खाण्याचा. सत्तर किलोचा माणूस दोनशे मीटर वर चढला तर त्याच्या शरीराला फार तर सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. एक-दीड केळं. म्हणजे या चढाला ताकदीचा साठा कमी पडत नाही, कमी पडतो तो पुरवठ्याचा वेग. तेच काम चाळीस मिनिटांऐवजी वीस मिनिटांत करायला गेलात तर हृदयाला आणि फुप्फुसांना दुप्पट वेगाने प्राणवायू पुरवावा लागतो आणि तिथेच गाडी अडते. म्हणून पाच जणांचा भरीत-भाकरीचा डबा पाठीवर लादून वर नेण्यात शहाणपण नाही. जेवण खाली येऊन करा.

महिना आणि घड्याळ

माझ्या मते खानदेशात डोंगर चढण्याच्या नियमांपैकी निम्मे नियम उन्हाचे आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, धुळ्याकडे वर्षाला साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. डोंगरउतारावर सावली धरणारी झाडं थोडी. सालई, अंजन, धावडा, पळस आहेत, पण मार्चनंतर यांतले बरेचसे निष्पर्ण होतात. खाली काळा बेसाल्ट. तो तापला की वरून ऊन आणि खालून वाफ.

चांगला काळ सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवा आणि हवा सुखद असते, मात्र वाट निसरडी आणि गवत कमरेएवढं वाढलेलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे अंगात पातळ स्वेटर हवा, जो पहिल्या दहा मिनिटांत काढून पिशवीत टाकायचा. स्वेटर घालूनच चढणारा माणूस घामाने भिजतो आणि माथ्यावरच्या वाऱ्यात कुडकुडतो.

एप्रिल-मे महिन्यात जाऊच नका असं मी सांगेन. जायचंच असेल तर सूर्योदयाला माथ्यावर असायला हवं आणि साडेआठच्या आत पायथ्याला. मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो, म्हणजे पायथा पाचला सोडावा लागेल आणि तोही विजेरी घेऊन, वाट आधीपासून पायाखालची असेल तरच. जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात, तेव्हा घाई नाही. सात-सव्वासातला गावातून निघालात तर दहाला आरामात खाली. संध्याकाळी चढणाऱ्यांनी सूर्य मावळायच्या तासभर आधी उतरायला लागायचं. सूर्यास्ताचा फोटो माथ्यावरून काढून मग अंधारात मुरमाची वाट उतरणं हा गुडघा फोडून घेण्याचा खात्रीचा मार्ग.

तारखेबद्दल आणखी एक. लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा ३१ जुलैला ते तिथे मुक्कामी होते. दरवर्षी त्या दिवशी अभिवादनाला मोठा जनसमुदाय जमतो. त्या कार्यक्रमासाठीच जात असाल तर उत्तम, पण शांतपणे किल्ला चढायचा असेल तर दुसरा दिवस निवडा.

चार आठवड्यांची तयारी

रोज शेतात राबणाऱ्याला किंवा भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे सांगायची गरज नाही. ज्यांचा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत जातो त्यांच्यासाठी जिना पुरेसा आहे. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा, म्हणजे दोनशे मीटरचा चढ झाला सदुसष्ट मजल्यांचा. चार मजली इमारत असेल तर सोळा-सतरा फेऱ्या. हा आकडा ऐकून दचकू नका, पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड चार फेऱ्या करा, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात नऊ-दहा. बारापर्यंत न थांबता गेलात की लळिंग तुमचा.

लिफ्टने खाली यायचं नाही. जिना उतरणं हीसुद्धा तयारी आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच टाळतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतात. या प्रकारच्या कामाची सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की खाली बसताना भिंत धरावी लागते. आधी जिना उतरण्याचा सराव झालेला असेल तर हे दुखणं बरंच कमी होतं.

शेवटच्या रविवारी सोनगीरला जाऊन या. धुळ्याच्या उत्तरेला महामार्गावरच, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. किल्ला इतका छोटा की वीसेक मिनिटांत माथा. वर एक खोल विहीर आहे, तिच्या काठाशी मुलांना एकटं सोडू नका. रंगीत तालमीला यापेक्षा बरी जागा नाही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा आजार असेल, किंवा चाळिशी उलटून बरीच वर्षं झाली आणि व्यायामाचा गंध नसेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

पायात काय, पाठीवर काय

बुटांबद्दल लोक उगाच पैशांची चर्चा करतात. महागडे ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत. तळव्याला खोल नक्षी असलेले, पाऊल आत न सरकणारे, वापरून मऊ झालेले कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट चालतात. नवे कोरे बूट आणि झिजून गुळगुळीत झालेले जुने बूट, दोन्ही घरी ठेवा. नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळत राहतो आणि वाढलेलं नख काळं पडतं. पायमोजे सुती नकोत असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे खरा त्रास कुसळांचा. ऑक्टोबर ते डिसेंबर डोंगरावरचं कुसळी गवत पिकतं आणि त्याची टोकं मोज्यांत घुसून घोट्याला टोचत राहतात. पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची पँट घाला आणि ती मोज्यांच्या बाहेर ठेवा.

पाणी माणशी दोन लिटर. वर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी पिण्याच्या भरवशाचं नाही. दोन लिटर म्हणजे दोन किलो ओझं, हे खरं, पण इथली हवा कोरडी. घाम आला न आला तोच उडून जातो, शर्ट भिजत नाही आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. कपाळावर हात फिरवला की खरखरीत मीठ लागतं, तेव्हा हिशेब कळतो. तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा मिनिटांनी तीन-चार घोट, आणि निघण्याआधी गावात ग्लासभर. एका बाटलीत ओआरएसची पुडी मिसळून ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर-मिठाचं हे प्रमाण अंदाजाने बदलू नका, मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो.

खायला दोन केळी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. जास्तच भूक लागणारा गडी असेल तर दशमी न्या. ठेचा मात्र डब्यात नको, वर तहान आवरत नाही.

याशिवाय कानांवर येणारी टोपी किंवा सुती उपरणं, खांद्याएवढी काठी, चिकटपट्टी आणि पट्टीचं बंडल, शिट्टी, चार्ज केलेला मोबाइल. काठी बांबूची असली तर उत्तम, पन्नास रुपयांची बांबूची काठी दोन हजारांच्या परदेशी काठीचं निम्म्याहून अधिक काम करते. अत्तर, सेंट लावून जाऊ नका. का ते पुढे येईल.

गावात

धुळ्याहून रिक्षा किंवा स्वतःचं वाहन सोयीचं. एसटीने जायचं तर गाडी लळिंगला थांबते का हे कंडक्टरला चढतानाच विचारा. महामार्गावर दुचाकी लावून रस्ता ओलांडत बसू नका, वाहनं सुसाट असतात. गाडी गावात आत न्या आणि कोणाच्या तरी अंगणाजवळ विचारून लावा.

गावात जुनं दगडी महादेव मंदिर आहे, हेमाडपंती बांधणीचं. त्याच्याजवळ पाच मिनिटं काढा. देवाला नमस्कार करायचा असेल तर तो करा, नसेल तर घोटे फिरवा, गुडघे वर-खाली करा, पोटऱ्या ताणा. ओट्यावर बसलेले आबा हमखास अहिराणीत विचारतील, "कथा चालनात भो?" म्हणजे कुठे चाललात. गडावर म्हटलं की पुढचा प्रश्न, "पानी शे का?" या दोन प्रश्नांना नीट उत्तर द्या आणि आपणही दोन विचारा: वाट कुठून चांगली आहे आणि वर कुठे मोहळ लागलंय का. पावसाळ्यानंतर वाटा बदलतात, गुरांच्या वाटा मूळ वाटेला फाटे फोडतात. नकाशातली रेघ वर्षभरापूर्वीची असते, आबांची माहिती कालची.

किती जण चाललोय आणि कधीपर्यंत परत येऊ, हे घरी फोन करून सांगा. एकट्याने जाऊ नका.

पहिली दहा मिनिटं

सगळा चढ इथे जिंकला किंवा हरला जातो. शेवटचं घर मागे पडलं की समोर उतार दिसतो, अंगात उत्साह असतो आणि पाय आपोआप झपाझप पडतात. शरीराला मात्र विश्रांतीतून कामाच्या लयीत यायला दोन-चार मिनिटं लागतात. तेवढ्यात स्नायूंनी प्राणवायूवाचून काम ओढून नेलेलं असतं, त्याची परतफेड पुढे धापा टाकत करावी लागते. म्हणून पहिली दहा मिनिटं मुद्दाम, लाज वाटेल इतकं हळू चाला. मागचे पुढे गेले तर जाऊ द्या. निम्म्या चढावर ते दगडावर बसलेले भेटतील.

वेग बरोबर आहे का, याची कसोटी सोपी. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "भाऊ, जरा डावीकडून ये, इथे दगड सुटा आहे," एवढं न अडखळता म्हणता आलं तर वेग ठीक. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. थांबू नका, कमी करा. आणि गाणी म्हणता येत असतील तर थोडं वाढवायला हरकत नाही.

श्वास पावलांशी बांधून घ्या. मध्यम चढावर दोन पावलांत श्वास आत, दोन पावलांत बाहेर. चढ तिखट झाला की एका पावलाला आत, एकाला बाहेर. बाहेर सोडण्यावर लक्ष द्या, फुप्फुस रिकामं झालं की आत घेणं आपोआप होतं.

पाऊल छोटं. उंच दगडावर ढांग टाकून चढण्यात एका पायाच्या मांडीवर सगळं वजन येतं. तीच उंची दोन छोट्या पावलांत चढा. टाच टेकेल तिथे टेकवा. सबंध चढ चवड्यांवर केलात तर पोटऱ्यांत गोळे येणार.

मुरूम, कातळ, गवत

खानदेशातले डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. यातले काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो, घट्ट थर झिजत नाही आणि भिंतीसारखा उभा राहतो. त्यामुळे डोंगराला टप्पे पडतात: उतार, मग कातळ, मग पुन्हा उतार. चढणाऱ्याला याचा उपयोग असा, की कातळाचा पट्टा संपला की पाय मोकळे करायला बहुधा थोडी सपाटी मिळते. विश्रांती तिथे घ्यायची, मधल्या उतारावर नाही.

उताराचे टप्पे मुरमाचे. इथे पाय घसरतो, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त. मुरमावर सरळ वर जाऊ नका, नागमोडी जा. अंतर वाढतं, चढ मात्र सौम्य होतो. वळण घेताना डोंगराकडचा पाय आधी. सुट्या दगडावर पाऊल ठेवण्यापूर्वी काठीने टोचून बघा. एकामागोमाग चालत असाल तर नेमके एकाच्या डोक्यावर एक येऊ नका, थोडं आडवं अंतर ठेवा. वरच्याच्या पायाखालून दगड निसटला तर "दगड!" असं मोठ्याने ओरडायचं आणि खालच्याने वर बघायचं नाही, डोंगराला चिकटायचं.

कातळावर उलट. कोरडा बेसाल्ट बुटाला चांगला धरतो, तिथे निर्धास्त सरळ पाऊल टाका. शरीर डोंगराकडे झुकवून चिकटवू नका, त्याने पावलाखालची पकड कमी होते. ताठ उभे राहा, वजन सरळ पायावर येऊ द्या. हातांनी कपारी धरा, पण कपारीत आधी डोळ्यांनी बघा, मग बोटं घाला. फुरसं हा साप अशाच कोरड्या, दगडाळ उतारावर राहतो, रंगाने मातीशी मिळतो आणि लवकर पळत नाही. लळिंगच्या वाटेवर वरच्या भागात जुन्या पायऱ्या लागतात. काही शाबूत आहेत, काही ढासळलेल्या. ढासळलेल्या पायरीची कड पायाने दाबून बघितल्याशिवाय वजन टाकू नका.

गवत सर्वांत बेभरवशाचं. पावसाळ्यात ते खालचा खड्डा झाकतं आणि वाळल्यावर त्याच्या आडव्या पडलेल्या काड्यांवरून बूट तेलावरून घसरावा तसा घसरतो. गवताचा बुडखा धरून वर ओढून घेण्याचा मोह आवरा. वाळक्या गवतात विडी-सिगारेट पेटवणारा सोबत असेल तर त्याला खालीच ठेवा. कुरण वणव्यात जायला एक ठिणगी पुरते, आणि त्या गवतावर गावची गुरं जगतात.

थांबायचं कसं

दर वीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटं, उभ्यानेच, काठीवर भार देऊन. बसलात की पाय जड होतात आणि पुन्हा लय पकडायला वेळ जातो. एकच मोठी विश्रांती घ्या, ती कोरीव टाक्यांजवळ. डोंगराच्या पोटात खोदलेल्या या टाक्यांशी सावली मिळते. आत डोकावण्याआधी क्षणभर थांबून कान द्या. मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकू आला तर आल्या पावली बाजूला व्हा.

तिखट चढासाठी एक युक्ती. पुढचं पाऊल टाकल्यावर मागचा गुडघा पूर्ण सरळ करून एक क्षण त्यावर उभं राहायचं, मग मागचा पाय उचलायचा. त्या क्षणात वजन हाडांवर येतं आणि स्नायूंना उसंत मिळते. बघणाऱ्याला हे मंद दिसतं, पण असं चालणारा माणूस मध्ये थांबत नाही.

गटात सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे ठेवलात तर काय होतं? पुढचे विश्रांती घेऊन ताजे होतात, तो पोचेपर्यंत उठून निघतात आणि विश्रांतीची खरी गरज असणाऱ्याला ती मिळतच नाही. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर "आई, चल ना लवकर" हे वाक्य त्या दिवसापुरतं विसरा.

माथ्यावर

पडक्या दरवाज्यातून आत गेलं की चढ संपत येतो. तटबंदी, वाड्यांची जोती, पाण्याची टाकी, देवीचं मंदिर, एवढं आज उरलंय. बघायला अर्धा-पाऊण तास धरा. हा किल्ला फारुकी घराण्याचा. खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारकडून हरून इथे आश्रयाला आला आणि १४३७ मध्ये मरण पावला. बुऱ्हाणपूर वसवणारा माणूस शेवटी या छोट्या डोंगरावर आला, यावरून उभ्या चढाची किंमत कळते. पाठलाग करणाऱ्या फौजेलाही हाच मुरूम चढावा लागत होता.

तटावर चढून उभं राहू नका, दगड सुटे आहेत आणि वारा जोरात असतो. खाली महामार्ग आणि उत्तरेला धुळे दिसतं. हवा स्वच्छ असेल तर सपाटीवर सरळ रेषेत धावणाऱ्या अरुंद, काळ्या टेकड्या शोधा. कोणी बांध घातलाय असं वाटतं. जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा थिजून त्याच्या भिंती झाल्या आणि बाजूचा मऊ खडक झिजल्यावर त्या उघड्या पडल्या. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबारचा पट्टा त्यांच्यासाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. इतकी उंची चढल्याशिवाय त्यांची रेघ डोळ्यांत भरत नाही.

बुरुज, तटाच्या कडा, कातळाच्या कपारी इथे आग्या मोहळ असू शकतं. धूर, मोठा आवाज, दगड आणि उग्र वास या चारही गोष्टींनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, डोकं-तोंड कापडाने झाका आणि पळा, वाऱ्याच्या आडोशाला किंवा दाट झुडपात.

उतरणं

दम लागत नाही म्हणून लोक उतार हलक्यात घेतात आणि बहुतेक मुरगळलेले घोटे उताराचेच असतात. बुटांची नाडी निघण्याआधी पुन्हा आवळा, घोट्याजवळ घट्ट. गुडघे किंचित वाकलेले ठेवा. गुडघा ताठ ठेवून टाच आपटलीत की धक्का थेट सांध्यात जातो. पावलं आणखी छोटी. काठी पुढे टेकवून मग पाऊल.

मुरमावर मागे रेलण्याची ओढ होते, त्यानेच पाय पुढे सटकतो. अंग थोडं पुढे ठेवा, नाकाची रेघ पावलांवर. फारच उभा तुकडा असेल तर आडवे होऊन, एक बाजू डोंगराकडे करून उतरा. बसून घसरत येणं अपमानास्पद नाही, फक्त पँट जुनी हवी. पळत कोणी उतरू नये, विशेषतः मुलांनी.

बिघडलं तर

उन्हात कोणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली, तर चढणं तिथेच थांबवा. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, मानेवर आणि काखेत ओलं कापड ठेवा, ओआरएस घोट-घोट द्या. बरं वाटलं तरी वर नाही, खालीच जायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. तोंडाने काही देऊ नका, हाताशी असलेलं सगळं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाव आणि महामार्ग डोळ्यांसमोर असल्याने मदत लवकर येऊ शकते, हा या छोट्या डोंगरांचा मोठा फायदा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम: एक पाऊलही चालवू नका, बसवा आणि १०८. साप चावला तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि तडक सरकारी रुग्णालयात न्या. घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर परत चढत नाही. बुटावरूनच पट्टी बांधून खाली आणा.

ढग गडगडायला लागले, मग मे अखेर असो की परतीचा पाऊस, तर माथा आणि एकटं झाड दोन्ही सोडा.

पुढचा डोंगर

दोन दिवस मांड्या दुखतील. झोपून राहू नका, सपाटीवर वीस-तीस मिनिटं चाला. दुखणं गुडघ्याच्या आत, एका जागी असेल आणि आठवड्यात गेलं नाही तर मात्र डॉक्टर.

नंतर भामेर घ्या, साक्री तालुक्यात. गावातूनच किल्ला सुरू होतो, डोंगरात कोरलेल्या लेण्या-गुहांची मोठी रांग आहे, आणि वारा असा की टोपीला दोरी हवी. त्या भागात पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. कन्हेरगड त्यानंतर. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या जंगलात, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या हद्दीत असल्याने वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी लागते आणि वेळेत बाहेर यावं लागतं. तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे पहाटे अंधारात निघण्याचा वरचा सल्ला तिथे लागू नाही, उजाडल्यावरच निघा. चढाच्या वाटेवर लेणी आहेत, तिथे दम घेता येतो. आणि पायथ्याच्या पाटण गावाचं नाव भास्कराचार्यांच्या परंपरेशी जोडलेलं आहे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने उभारलेल्या मठाचा शिलालेख तिथेच सापडला. गणिताची आवड असलेलं मूल घरात असेल तर कन्हेरगड आधी, भामेर नंतर.